जवसाचं तेल, चिंध्या आणि डिकीतली आग

'जुन्या गाडीचं लाकूड आयुष्यभर टिकवा, कंपन्या हे सांगणार नाहीत' हा मेसेज साताऱ्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का! पण आता काकांनी तो मला पाठवून खाली लिहिलंय, 'तेल आणलंय, रविवारी ये.' काकांची गाडी मॉरिस मायनर ट्रॅव्हलर. 1953 ते 1971 या काळात निघालेल्या या गाडीचं मागचं लाकूड शोभेचं नाही, अ‍ॅश नावाच्या लाकडाच्या त्या सांगाड्यावरच मागची बॉडी उभी असते. तो कुजला की संपलं.

मेसेजमधला पहिला उपाय: जवसाचं तेल घरी गॅसवर उकळा, चिंधीनं चोळा, चिंधी गुंडाळून डिकीत ठेवा, परत कामाला येते.

कोणाच्या डोक्यातून निघालं हे? जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि त्यात उष्णता तयार होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. बोळा केला की आतच कोंडते, आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. फिलाडेल्फियातली वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत 23 फेब्रुवारी 1991 रोजी पेटली ती 22व्या मजल्यावर पडलेल्या अशाच तेलकट चिंध्यांमुळे. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. आणि हे महाशय ती चिंधी पेट्रोलच्या टाकीशेजारी ठेवायला सांगतायत! फडकी एकेक करून उघड्यावर, दोरीवर सुटी वाळवा. दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्या तेलात बहुधा लवकर वाळण्यासाठी ड्रायर, म्हणजे वाळवणारी रसायनं, घातलेली असतात. गॅसवर पातेलं चढवून ते होत नाही, स्वयंपाकघर मात्र पेटतं. बरं, एवढं करून पाणी अडतं का? फारसं नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात वर बुरशीच धरेल. क्रिकेटच्या बॅटला चोळा हवं तर.

जळकं ऑइल: गोठ्याच्या मेढींना लोक लावतात, मान्य. गाडीला लावलंत तर लाकूड काळं पडेल आणि पुढे त्यावर वार्निश धरणार नाही.

लाखेचं पॉलिश: यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. हवेतला दमटपणा लाख चांगला अडवते, आणि मेण काढलेली लाख वार्निशखाली अस्तर म्हणून चालते. पण नुसती लाख बाहेर उघडी ठेवली तर पाणी साचून पांढरी पडते, उन्हात मऊ होते.

फटीत सिलिकॉन: लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. शेजारचा पत्रा त्यानं गंजतो. शिवाय सिलिकॉनवर वार्निश बसतच नाही, हे कुठलाही पेंटर सांगेल.

'इपॉक्सी एकदाच, आयुष्यभर': इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी पडते, वर वार्निश लागतंच. ओल्या लाकडावर मारलीत तर ओल आत कोंडून ते आतून कुजतं.

मग लावायचं काय? अतिनील किरण अडवणारं, लवचीक मरीन वार्निश, म्हणजे बोटींना लावतात ते. आधी टोच्यानं सांधे दाबून बघा; मऊ लागलं तर वार्निश नको, सुतार हवा. पहिला हात पातळ करून, म्हणजे मुरेल. पुढचे हात जाड, मध्ये बारीक पॉलिश पेपर. लाकडाच्या कापलेल्या टोकांना जास्तीचे हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. दरवर्षी घासून एक हात परत. आणि हे सगळं दिवाळीनंतर. आत्ताच्या दमट हवेत डब्याचं झाकणसुद्धा उघडू नका.