पौर्णिमा नको, कातडी हवी

आमच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळात कथा चालवते आणि निकाल देते ती केतकी. निख्याचं जुनं पात्र भैरव, त्याला एकदा चावून वेअरवुल्फचा, म्हणजे माणूस-लांडग्याचा, शाप लागला होता; नवं पात्र त्याची मुलगी शलाका. तिला वेअरवुल्फची अभेद्य कातडी मिळणार नाही, हा केतकीने रविवारी दिलेला निकाल कट्ट्यावर पुन्हा निघणार, हे ठरलेलंच होतं. टिळक रोडच्या अमृततुल्यातून चहा येईपर्यंतही निख्याला दम निघाला नाही.

"बाप वेअरवुल्फ होता ना? मग पोरीला साध्या तलवारीने जखम होता कामा नये. पातं चांदीचं असेल नाहीतर जादूचं असेल, तरच."

"होता," केतकी म्हणाली. "शलाका जन्मायच्या दोन वर्षं आधी भैरवचा शाप उतरला. तेव्हापासून तो साधा माणूस. साध्या माणसाच्या पोरीला साधी कातडी."

बापटने लगेच सॅकमधून पुस्तक काढलं. खेळातल्या राक्षसांच्या नियमांचं, पाचव्या एडिशनचं २०१४ चं मॉन्स्टर मॅन्युअल, वर खाकी कव्हर, कव्हरवर शाळेच्या वहीसारखं लेबल, आणि पानापानांत खुणेला पीएमपीची जुनी तिकिटं. बोट ठेवून त्याने वाचायला सुरुवात केली. आई-बापांपैकी कुणी लायकॅन्थ्रोप (वेअरवुल्फसारखा माणूस-प्राणी) असेल तर पोराला शाप लागतो. चावा घेतल्यामुळे लागलेला शाप 'रिमूव्ह कर्स' या मंत्राने जातो, पण जन्मजात असेल तर 'विश' हा मंत्रच लागतो.

"छापलंय! विषय संपला. निख्याचं बरोबर आहे."

"बापट, शलाका जन्मली तेव्हा भैरव लायकॅन्थ्रोप होता का?"

"नव्हता."

"मग हे वाक्य त्याला कसं लागू करतोस?"

बापट दुसरं तिकीट शोधू लागला. शिऱ्या म्हणाला, "याला पाऊस पडतोय का विचारलं तरी हा आधी अनुक्रमणिका बघेल."

दुसरं तिकीट सॅकमधल्या दुसऱ्या पुस्तकात निघालं : साडेतीन एडिशनचं मॉन्स्टर मॅन्युअल, २००३ ची छपाई. त्यात टेम्प्लेटचे, म्हणजे साध्या प्राण्यावर चढवायच्या खास गुणांच्या साच्यांचे, दोन प्रकार केलेत : जन्मतः मिळणारे आणि नंतर लागणारे. हाफ-ड्रॅगन पहिल्यात, लिच (मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार) आणि व्हॅम्पायर दुसऱ्यात, वेअरवुल्फ दोन्हीकडे बसतो. वर आणखी एक मेख आहे. चावून शाप पसरवायची ताकद फक्त जन्मजात वेअरवुल्फला. ज्याला चावा घेतल्यामुळे शाप लागला, त्याने पुढे कितीही जण चावले तरी त्यांना काही होत नाही. पाचव्या एडिशनने हा फरक काढून टाकला आणि तिथेच घोळ झाला, असं माझं ठाम मत आहे. रक्तातलं आणि अंगावर आलेलं एकाच मापाने मोजलं की निख्यासारखे दावे येणारच.

"अंगावर आलेलं पुढे जात नाही रे," केतकी म्हणाली. "आपण किती पिढ्या कान टोचतोय? भोकं घेऊन जन्मलेलं एक तरी पोर दाखव."

हे प्रयोगशाळेतही झालंय. जर्मनीत ऑगस्ट वाइसमानने १८८० च्या दशकात पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या, त्यांची वीण वाढवली आणि पिल्लं मोजली. पाच पिढ्यांत ९०१ पिल्लं झाली, पण बिनशेपटीचं एकही नाही. मी हे सांगितलं तर निख्या उखडला. "जादूला जीवशास्त्र लावू नका! घटोत्कचाचं काय? बाप भीम, तरी पोरगा मायावी झालाच ना?"

"आई हिडिंबा. जन्माची राक्षसीण. तिला कुणी चावलं नव्हतं." केतकीने कप कट्ट्यावर ठेवला. "तुला महाभारतच हवंय तर कर्ण घे. कवचकुंडलं अंगावर घेऊन जन्मला. त्याच्या वृषसेनाला मिळाली का? अर्जुनाने बाणांनी मारला त्याला. आणि तुझा भैरव तर कर्णही नव्हे, त्याला लांडग्याने पकडलं तेव्हा तो कोंबड्या चोरत होता."

कोंबड्यांवरून शिऱ्या इतका हसला की त्याच्या हातातला डी-ट्वेंटी, वीस बाजूंचा फासा, बशीत पडला. पडला तोही एकवर.

निख्याचा एक मुद्दा मात्र खरा होता. टीफलिंग, खेळातली शिंगं-शेपटीवाली माणसांची जात. २००८ च्या चौथ्या एडिशनमध्ये बाएल तुराथ या साम्राज्याच्या सरदारांनी सैतानांशी करार केला आणि शिंगं-शेपटी त्यांच्या वंशजांनाही आली. म्हणजे मिळवलेलं पुढे जातं की!

"जातं," केतकीने मान्य केलं. "कारण तो सौदा अख्ख्या कुळासकट होता. आणि पोरं त्याची किंमत अजून भरतायत, शिंगं लपवत फिरतायत. तुला चालेल? शलाकेला कातडी देते. मग दर पौर्णिमेला तिची कॅरेक्टर शीट, पात्राचा कागद, माझ्याकडे, ती गावात कुणाला फाडेल ते मी ठरवणार, आणि सोडवायला विश."

निख्या गप्प. मग हळूच म्हणाला, "पौर्णिमा वगळता नाही का येणार?"

"पौर्णिमा नको, कातडी हवी!"

मला तिचं शंभर टक्के पटतं. वारसा घ्यायचा तर कर्जासकट घ्यावा. नाहीतर जो तो आपल्या जुन्या कॅरेक्टरला एकदा चावून घेईल आणि पुढच्या कॅम्पेनला फुकटचं चिलखत घालून येईल. वर्षानुवर्षं खेळलेल्या कथेला मग अर्थ उरत नाही.

पण निख्या हटायला तयार नव्हता. शाप वरवर उतरला, मुळं रक्तात राहिली, असं त्याने नव्याने लावून धरलं, आणि बापट पुन्हा माना डोलावू लागला. तेव्हा केतकीने ते जुनं प्रकरण काढलं.

"बापट, तुझं जुनं पात्र, तो ड्वॉर्फ, कशाने मेला?"

बापटचा चेहरा पडला. "ट्रोलने. त्या गुहेत."

"शिऱ्याच्या क्लेरिकने, त्या पुजाऱ्याने, रिव्हिव्हिफायचा मंत्र टाकून जिवंत का नाही केलं?"

"तिसऱ्या लेव्हलचा मंत्र टाकायचा शेवटचा स्लॉट त्याने संध्याकाळीच निख्यावर घालवला होता. रिमूव्ह कर्सला." बापट शिऱ्याकडे वळला. "मंत्राला लागणारे तीनशेचे हिरे खिशात होते रे! हिरे असून मेलो मी!"

"आणि निख्या म्हणतो शाप उतरलाच नव्हता."

बापटने पुस्तक मिटलं. "म्हणजे माझा ड्वॉर्फ उगाच मेला?"

"तसं नाही बापट, अर्धामुर्धा उतरला होता..." निख्या सरकत सरकत कट्ट्याच्या टोकाला गेला.

"अर्धा?! मग अर्धा ड्वॉर्फ परत दे! शाप पूर्ण उतरला होता. लिहून घ्या. पोरगी साधी माणूस!"

"पान नंबर?" शिऱ्याने विचारलं. चहावाला पोरगाही हसायला लागला. बापटने खरंच पेन काढलं, खाकी कव्हरच्या आतल्या बाजूला निकाल लिहिला, आणि निख्याची सही घेतल्याशिवाय त्याला चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.