अखर्चित शहाळे

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत माझ्या हातातून शहाळे काढून घेण्यात आले. ते अर्धे पिऊन झाले होते. नळी ओठांत असताना शहाळे काढून घेतले, तर माणूस नेमका कसा दिसतो हे मला ठाऊक नाही. पण समोरच्या बाकावरच्या दोन बायका ज्या रीतीने पदर तोंडाला लावून हसल्या, त्यावरून फारसा बरा दिसत नसावा.

मी तेथे कशासाठी गेलो होतो ते थोडक्यात सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस मी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो. निवृत्तिवेतनाच्या कागदांना ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे माझ्याकडून सरकारला काही येणे नाही असा दाखला, लागते आणि तो मला मिळत नाही, कारण 2003 साली मी शाळेसाठी एक पितळी घंटा घेतली होती. सादिल खर्चातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, आंगणेवाडीच्या जत्रेत, 240 रुपयांना. दुकानदाराने पावती म्हणून जो कागद दिला त्यावर छापील क्रमांक नव्हता, आणि लेखापरीक्षकांनी अर्धसमासात, म्हणजे आक्षेपाच्या कागदात, शेरा मारला की प्रमाणकास (खर्चाच्या व्हाउचरला) नियमित पावती जोडलेली नाही, सबब रक्कम रुपये 240 वसूलपात्र. घंटा जाग्यावर आहे. ती जडसंग्रह, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, नोंदवहीत आहे, शाळेच्या पडवीत आहे, आणि वारा अनुकूल असेल तर खालच्या वाडीपर्यंत ऐकू जाते. मी तीन वेळा अनुपालन, म्हणजे आक्षेपाला लेखी उत्तर, सादर केले. शेवटी कंटाळून 240 रुपये भरण्याची तयारी दाखवली, तेव्हा ते कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या कोणत्या खात्यात, भरून घ्यायचे हे ठरेपर्यंत थांबण्यास मला सांगण्यात आले. आपण सरकारला पैसे देऊ म्हणतो आणि सरकार ते घेण्याची पद्धत शोधत बसते, असा प्रसंग आयुष्यात एकदा तरी प्रत्येकावर यावा, म्हणजे उतारवयातला अहंकार आपोआप उतरतो.

मंगळवारी भातकापणीला गडी लावून मी सकाळच्या एसटीने तालुक्याला उतरलो, तर कचेरी ओळखू येईना. फाटकासमोरचा खड्डा, जो आमच्या तालुक्यात पत्ता सांगण्यासाठी वापरला जातो, तो रातोरात तांबड्या मातीने भरलेला होता. चिऱ्याच्या गडग्याला पांढरा रंग दिलेला होता आणि तो ओला आहे हे मला माझ्या सदऱ्याच्या बाहीवरून समजले. दारात रांगोळी होती. रांगोळीच्या पलीकडे एक वयस्कर शिपाई उभा होता, त्याने मला अडवून सांगितले, "गुरुजी, आज काम होवचा नाय. समिती येतली."

"कुठली समिती?" मी विचारले.

या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या इमारतीत कोणाकडेच नव्हते. आवक-जावक टेबलावर सांगितले की लोकलेखा समिती येत आहे. आस्थापना शाखेचे म्हणणे पडले की पंचायती राज समिती. बांधकामातले एक गृहस्थ मोजमाप पुस्तिका काखेत घेऊन लगबगीने चालले होते. त्यांना ती सार्वजनिक उपक्रम समिती असावी असे वाटत होते, किंवा ती असती तर बरे झाले असते, असे तरी वाटत होते. शिपाई मात्र ठाम होता. "अंदाज समिती आसा," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "असो अंदाज आसा."

या गोंधळाबद्दल मी कोणाला दोष देत नाही. विधिमंडळाने आणि संसदेने मंजूर केलेल्या पैशाचे पुढे काय होते हे पाहणाऱ्या समित्या खरोखरच पुष्कळ आहेत. दिल्लीतली लोकलेखा समिती 1921 सालापासूनची आहे; तिच्यात लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 असे 22 सदस्य असतात, मंत्र्याला तिच्यात बसता येत नाही, आणि 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याला देण्याचा प्रघात आहे. 30 सदस्यांची अंदाज समिती 1950 ची, आणि सार्वजनिक उपक्रमांवरची 1964 ची. आपल्या विधिमंडळातही ही तिन्ही भावंडे आहेत आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांच्या हिशेबांसाठी पंचायती राज समिती आणखी वेगळी आहे. आंबा बागायतदाराला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर अंदाज समिती मोहोर बघून फवारणीचा खर्च कुठे वाचवता येईल ते सुचवते, आणि लोकलेखा समिती पेट्या वाशीला पोचून विकल्या गेल्यावर आलेली विक्रीची पट्टी हातात घेऊन विचारते की इतक्या पेट्या गेल्या आणि इतकेच पैसे कसे आले. दुसरीला हे विचारता येते, कारण नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल अगोदरच सभागृहासमोर ठेवलेला असतो. व्यवस्था उत्तम आहे. ती मला निवृत्तीपूर्वी पस्तीस वर्षे अधूनमधून रंग, रांगोळी आणि कुंड्या यांच्या रूपाने दिसत आली आहे.

साडेअकराच्या सुमारास बाहेर "इले, इले!" असा पुकारा झाला. सर्वजण उठले म्हणून मीही उठलो. माझा सदरा पांढरा होता, काखेत फाइल होती आणि बाहीवरचा रंग पांढऱ्यावर पांढरा असल्याने लपला होता. या तीन योगायोगांमुळे एका पोऱ्याने ट्रेमधले शहाळे माझ्या हातात ठेवून "घ्या साहेब" म्हटले. ऑक्टोबरची उकाड्याची वेळ होती. मी घेतले. खरे बोलायचे तर क्षणभर मला असेही वाटले की पस्तीस वर्षांच्या सेवेची कोठेतरी नोंद झाली असावी. दरम्यान, आलेल्या गाडीतून समिती उतरली नाही, जेवणाचे डबे उतरले. आम्ही सर्वजण तळलेल्या सुरमईच्या स्वागतासाठी उभे राहिलो होतो.

तेवढ्यात लेखा शाखेतले एक तरुण सहायक वही घेऊन माझ्यासमोर आले. ते घाटावरून नुकतेच बदलून आले असावेत, कारण त्यांनी मला गुरुजी न म्हणता सर म्हटले.

"सर, आपण समितीबरोबर का?"

"नाही. मी घंटेबाबत आलो आहे."

त्यांनी अतिशय अदबीने, दोन्ही हातांनी, माझ्या हातातून शहाळे काढून घेतले.

"क्षमा करा सर, पण नग मोजलेले आहेत. 40 आणले आहेत. सदस्य, अधिकारी, स्वीय सहायक आणि चालक मिळून बरोबर 40."

"मी अर्धेच प्यायलो आहे," मी म्हणालो. याहून शहाणपणाचे वाक्य मला त्या वेळी सुचले नाही.

त्यांनी शहाळे कानाशी धरून हलवले आणि आतला आवाज ऐकला. "म्हणजे अर्धे अखर्चित आहे," ते म्हणाले.

ते विनोद करीत आहेत असे मला वाटले, म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे समजले की ते विभागीय परीक्षेचा अभ्यास करीत होते, आणि अभ्यास करणाऱ्या माणसाला सगळे जग सरावाचा प्रश्नसंच दिसू लागते. माझ्याकडे दहावीच्या सराव परीक्षेच्या काळात स्वतःच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत शुद्धलेखनाच्या चुका शोधणारा एक विद्यार्थी होता. तशीच ही तंद्री होती.

"अखर्चित रक्कम समर्पित, म्हणजे सरकारला परत, करता येते," ते विचार करीत म्हणाले. "पण अडचण अशी आहे सर, की तरतूद एका प्रयोजनासाठी होती आणि खर्च दुसऱ्या प्रयोजनावर झाला. दुसरे प्रयोजन म्हणजे आपण. हे पुनर्विनियोजन झाले. त्याला सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते."

"मग माझ्या खर्चाने एक शहाळे आणखी मागवू."

"ती पुरवणी मागणी झाली. ती अधिवेशनात मांडावी लागते."

"आणि मागणी न मांडताच जे पोटात गेले ते?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न मी विचारला असावा. "तो जादा खर्च! अनुच्छेद 205. मंजुरीपेक्षा अधिक खर्च झाला, की लोकलेखा समिती तो कोणत्या परिस्थितीत झाला हे तपासते, शिफारस करते, आणि जादा अनुदानाची मागणी सभागृहापुढे येऊन तो नियमित होतो."

"मंजुरीवाचून झालेला खर्च नियमित होतो?"

"होतो सर. राज्यघटनेतच सोय आहे."

"कितीही मोठा असला तरी?"

"रकमेची मर्यादा नाही."

"मग माझी 240 रुपयांची घंटा?"

"ती वसूलपात्र आहे सर," ते म्हणाले, आणि इतक्या हळुवारपणे म्हणाले की एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावे.

या ठिकाणी मला राग आला, आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही. पैसा मोठा असेल तर त्याला 'जादा अनुदान' असे भारदस्त नाव मिळते आणि नियमित होण्यासाठी घटनेत रस्ता मिळतो. तो लहान असेल आणि त्याच्या शेवटी एखाद्या मास्तराची सही असेल, तर त्याला फक्त वसुली मिळते. लोकसभेतल्या सदस्याला सरकारविरुद्ध एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर तो त्या खात्याच्या अनुदानाच्या मागणीत 100 रुपयांची लाक्षणिक कपात सुचवतो. हजारो कोटींच्या मागणीतून 100 रुपये! त्या हिशेबाने माझ्या घंटेत दोन गाऱ्हाणी मावून वर 40 रुपये उरतात. आणि चर्चेची मुदत संपली, की शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेवाचून एकदम मतास टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. कित्येक मंत्रालयांचे वर्षभराचे पैसे एका दुपारी, एका शब्दाच्या चर्चेवाचून मोकळे होतात. माझ्या घंटेवर मात्र 22 वर्षे चर्चा चालू आहे, आणि तिच्या नशिबी गिलोटिनसुद्धा नाही.

अर्थसंकल्प हा शब्द एके काळी आम्हाला घरचा वाटत असे. आमच्या राजापूर मतदारसंघाने पाच वेळा निवडून दिलेले मधू दंडवते 1990 साली देशाचा अर्थसंकल्प मांडत होते, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि वाडीतल्या एकुलत्या चालू रेडिओभोवती आम्ही दहा-बाराजण बसलो होतो. महसुली तूट म्हणजे काय हे कोणालाही समजत नव्हते. आपला माणूस बोलतो आहे एवढे समजत होते. त्याच वर्षी कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले आणि 26 जानेवारी 1998 ला रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत धावू लागली, म्हणजे कोकणात पैसा येऊन त्यातून दिसणारी वस्तू उभी राहू शकते, हे मी स्वतः पाहिलेले आहे. त्यामुळे हिशेब मागणाऱ्या समित्यांशी माझे भांडण नाही. कोणीतरी विचारलेच पाहिजे. वर्षभर दाराशी आलेल्या माणसाला उद्या या म्हणणारे अधिकारी त्या दिवशी घाम पुसत, लेखापरीक्षणातले जुने परिच्छेद पाठ करीत फिरत होते, हे पाहून मला आनंदच झाला. माझे म्हणणे एवढेच, की ती भीती हिशेबाच्या वह्यांपर्यंत पोचण्यापूर्वी गडग्यावरच्या रंगात आणि सुरमईत खर्ची पडते, आणि तो खर्च तपासायला पुढे कधीतरी दुसरी समिती येईल, तेव्हा तिलाही शहाळी लागतील.

समिती दुपारी तीनला आली. मला तोपर्यंत आवारातल्या फणसाखाली हलवण्यात आले होते. एका सदस्यांचे माझ्याकडे लक्ष गेले आणि त्यांनी "हे कोण?" असे विचारले, तेव्हा अधिकाऱ्यांनी "अभ्यागत" असे उत्तर दिले. तो शब्द इतका सुंदर आहे की मला पुढे जाऊन घंटेचा विषय काढण्याचे भान राहिले नाही. भान आले तेव्हा दार लागले होते आणि आत साक्ष सुरू झाली होती. खिडकीतून मला फक्त ट्रे दिसत होता. त्यात 40 शहाळी होती. पूर्ण 40. एकाची नळी किंचित वाकलेली होती, ती बदललेली होती की नव्हती हे फणसाखालून नीट दिसले नाही, आणि ते शहाळे कोणाच्या वाट्याला गेले हेही दिसले नाही.

साडेचारच्या एसटीसाठी निघालो तेव्हा लेखा शाखेतले ते तरुण धावत मागे आले. माझ्या प्रकरणात काहीतरी झाले असावे म्हणून मी थांबलो.

"सर, त्या शहाळ्याचे 50 रुपये द्याल का? म्हणजे माझ्या बाजूने नोंद स्वच्छ राहील."

"पण ते तर ट्रेमध्ये परत गेले."

"नग म्हणून परत गेले सर. वापर झाला तो झालाच."

मी खिशातून 50 रुपये काढून दिले आणि पावती मागितली. ते गोंधळले. "शहाळ्याची पावती कुठून आणू सर? शहाळेवाला पावती देतो का?"

"मग 40 शहाळ्यांच्या प्रमाणकाला तुम्ही काय जोडले?"

त्या संपूर्ण दिवसात ते प्रथमच काही बोलले नाहीत. एसटीने हॉर्न दिला म्हणून मी जागा पकडायला गेलो. बसल्यावर खिडकीची काच वर केली, डायरी काढली आणि तारखेखाली लिहिले: शहाळे, अर्धा नग, रुपये 50. पावती नाही.