होशेयचा देव नुसता कोपिष्ट नाही

‘जुन्या कराराचा देव म्हणजे राग, सूड आणि शिक्षा. प्रेम आलं ते नव्या करारात, येशूबरोबर.’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरतो. पुरावा म्हणून बायबलच्या जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातलं वचन जोडलेलं असतं: पिल्लं हिरावलेल्या अस्वलिणीसारखा देव इस्राएलवर तुटून पडेल आणि त्यांचं काळीज फाडेल. पुढे निष्कर्ष येतात. असा देव प्रेम करूच शकत नाही, दुसऱ्या देवांची पूजा केली म्हणून त्याचा अहंकार दुखावला, आणि बायकोला छळणाऱ्या नवऱ्याला इथे देव केलंय. होशेय मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, म्हणून हे निमूटपणे सोडून देता येत नाही.

प्रेम फक्त नव्या करारात, हे म्हणणं जुनंच आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने हेच मांडलं आणि इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे वाक्य मत्तयच्या शुभवर्तमानात येशू दोनदा उच्चारतो. ते होशेयच्या सहाव्या अध्यायातलं आहे. आणि न्यायाच्या दिवसाबद्दल मत्तयच्या २५व्या अध्यायात येशू जे बोलतो, ते काही मवाळ नाही.

शिक्षा करणारा प्रेम कसं करील, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याला ११वा अध्याय वाचावा लागतो. देव तिथे आठवणी काढतो. इस्राएल लहान होता, मी त्याला मिसरातून बोलावलं, एफ्राइमला (इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याचं हे दुसरं नाव) हाताला धरून चालायला शिकवलं, खाली वाकून त्याला भरवलं. पण लेकरू पाठ फिरवून गेलं. आता अश्शूर साम्राज्याचा राजा त्याच्यावर राज्य करील, त्याच्या नगरांवर तलवार चालेल. निकाल जवळजवळ वाचून झालाय, आणि तिथेच न्यायाधीशाचा आवाज फुटतो: एफ्राइमा, तुला मी कसा सोडू? अदमा नि सबोईमसारखी तुझी गत कशी करू? (सदोम-गमोराबरोबर नाश पावलेली ही गावं.) माझं मन पालटलंय, मी संतापाच्या भरात तुझा नाश करणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नाही. ‘मी देव आहे’ हे कारण माणसं एरवी कोपाच्या समर्थनाला देतात. इथे देव तेच कारण हात आवरण्यासाठी देतो.

आणि तरीही इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन ही त्या राज्याची राजधानी अश्शूरच्या हाती पडली, लोक देशोधडीला लागले. प्रेमामुळे ते टळलं नाही, हे झाकायचं कारण नाही.

अहंकाराचा आरोप तर चौथ्या अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांपुढेही टिकत नाही. देव तिथे फिर्याद मांडतो: देशात सत्य नाही, दया नाही, खोट्या शपथा, खून, चोऱ्या, व्यभिचार, रक्तपातामागून रक्तपात. याजक लोकांच्या पापावर पोट भरतात. पुढे १२व्या अध्यायात व्यापाऱ्याच्या हातात खोटा तराजू आहे. बआल या कनानी देवाची पूजा या सगळ्यात गुंतलेली आहे. इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्यानंतर शेवटचे सहा राजे झाले, त्यांतले चौघे खुनाने गेले. त्यांच्यापैकी मनहेमने अश्शूरच्या राजाला हजार किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी देऊन गादी सांभाळली. कधी मिसरकडे धाव, कधी अश्शूरकडे. अशा एफ्राइमला होशेय न उलटलेली भाकरी म्हणतो. एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. शिक्षेचं बरंचसं बीज या राजकारणातच होतं. आणि लुबाडल्या गेलेल्यांच्या बाजूने न्यायच मागितला नसता, तर त्या प्रेमाला अर्थ काय उरला असता?

छळणाऱ्या नवऱ्याचा शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. होशेयचं लग्न हे पुस्तकात देव आणि इस्राएलच्या नात्याचं रूपक आहे. दुसऱ्या अध्यायातल्या, बायकोला उघडं करण्याच्या धमक्या वाचताना त्रास होतो आणि व्हायलाच हवा. होशेयची बायको गोमर हिची स्वतःची बाजू पुस्तकात कुठेच येत नाही. या ओळी दाखवून कुणी घरातल्या मारहाणीचं समर्थन करत असेल, तर त्याला थेट अडवलं पाहिजे. मात्र त्या रूपकात बेइमान बायकोच्या जागी अख्खं राष्ट्र उभं आहे, राजे आणि याजकांसकट. चौथ्या अध्यायात तर देव स्पष्ट म्हणतो की तुमच्या मुली-सुनांना मी शिक्षा करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांबरोबर जातात. त्या काळच्या समाजात हे बोलणं सोपं नव्हतं. तिसऱ्या अध्यायात होशेय पंधरा शेकेल चांदी आणि सातू मोजून त्या स्त्रीला परत आणतो.

राहिलं अस्वलिणीचं वचन. ते भयंकर आहे, सौम्य करून वाचू नये. पण ज्यांच्यावर ती तुटून पडते त्यांनाच दोन अध्याय आधी याच देवाने लेकरू म्हटलंय. शोमरोनच्या विनाशाचं वचन संपताच १४व्या अध्यायात हाक येते, ‘इस्राएला, परत फीर’, आणि त्यापाठोपाठ वचन येतं की मी त्यांची बेइमानी बरी करीन, त्यांच्यावर मोकळ्या मनाने प्रीती करीन. फिरणाऱ्या मजकुरात तो अध्याय नसतो.