चमकी कुठे लावावी?

पॉपस्टार व्हायचं नक्की केलंय ना? छान. रियाज काय, पुढे केव्हाही होईल. आधी डोळ्यांखाली चमकी लावा. लोक विचारतील, हे काय सोंग? सांगायचं, ‘मी कुठल्याच चौकटीत बसत नाही.’ चौकटीत न बसण्याची ही चौकट पन्नास वर्षं जुनी आहे, हे सहसा कोणाला कळत नाही. कळलंच, तर तिला ‘वारसा’ म्हणायचं.

मार्च १९७१ मध्ये लंडनच्या मार्क बोलनने बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर डोळ्यांखाली चमकी लावून गाणं म्हटलं आणि तिथेच ग्लॅम रॉकचं, म्हणजे चमकी-झगझगाटाच्या रॉक संगीताचं, बारसं झालं, असं मानतात. हाच गडी त्याआधी मांडी ठोकून साध्या गिटारवर जादूगारांची गाणी गायचा. बँडचं नावही टिरॅनोसॉरस रेक्स असं लांबलचक होतं. ते छाटून ‘टी. रेक्स’ केलं, हातात इलेक्ट्रिक गिटार आली आणि पोरी किंचाळायला लागल्या. तेव्हा तत्त्वांची काळजी नको. वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्लेड बँडची मंडळी १९६९ मध्ये डोकी भादरून ‘स्किनहेड’ झाली होती. तीच पुढे केस वाढवून, आरशांची टोपी घालून चकाकू लागली. तत्त्व बदलायला न्हावी पुरतो.

आता नाव. आईवडिलांनी ठेवलेलं चालणार नाही. डेव्हिड जोन्सचा बोवी झाला, स्टेफनी जर्मानोटाची लेडी गागा झाली. ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा; त्याचं ‘फ्रेडी’ तर पाचगणीच्या शाळासोबत्यांनीच पाडलं. आपण तिथे स्ट्रॉबेरी क्रीम खायला जातो. तो ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवत होता.

बोवीकडून मात्र जपून उचला. गालावरची वीज घ्या. गागानेही २००८ मध्ये घेतली होती. पण बाकीचं धोक्याचं आहे. इंग्लंडात समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले (तेही अर्धेमुर्धे) १९६७ मध्ये. आणि जानेवारी १९७२ मध्ये हा बाबा ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाला सांगून मोकळा, मी गे आहे. जुलैत तर टीव्हीवर गाता गाता गिटारवाल्या मिक रॉन्सनच्या गळ्यात हात टाकला. घरोघरी बाप मंडळी चहा पिता पिता पाहत असताना! तुम्ही हात खुशाल टाका, फक्त प्रायोजकाचा लोगो झाकला जाणार नाही एवढं बघा.

झग्याचीही भीती नको. २०२० च्या डिसेंबरात हॅरी स्टाइल्स गुच्चीचा झगा घालून अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर झळकला. बंड करावं तर असं, मापाचं शिवून घेतलेलं.

कोणी शुद्धतावादी म्हणेल, तेव्हाचं सगळं खरं होतं, आताचं कारखान्यातलं. त्याला तेव्हाच्याच ‘द स्वीट’ या ग्लॅम बँडची आठवण द्या. त्यांची गाणी निकी चिन आणि माइक चॅपमन ही जोडी लिहून द्यायची, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डवर वाद्यंही भाड्याचे वादक वाजवायचे. (ऐकायला झकास होती, हे वेगळं.)

अमेरिकन गायिका चॅपल रोनचा आदर्श ठेवू नका. मेकअप, विग, झगझगाट, सगळं ग्लॅमच्या घराण्याला शोभेल असं. आणि २०२५ मध्ये ग्रॅमी हातात आल्यावर बाई काय बोलल्या? रेकॉर्ड कंपन्यांनी नव्या कलाकारांना पोटापुरता पगार आणि आरोग्य विमा द्यावा! एवढी चमकी लावून पगाराच्या गप्पा? आईचे आभार मानायचे, डोळे पुसायचे, खाली उतरायचं.

आणि चालतं सोंग कधी मोडू नका. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये, झिगी स्टारडस्ट हे बोवीचं सोंग ऐन भरात असताना, त्यानेच मंचावरून जाहीर केलं की हा शेवटचा कार्यक्रम. बास आणि ड्रमवाल्यालासुद्धा आधी पत्ता नव्हता. असला नादानपणा तुम्हाला परवडायचा नाही. झिगी आज तुमच्या मॅनेजरच्या हाती असता, तर त्याच्या नावाची लिपस्टिक निघाली असती आणि निरोपाचे तीन दौरे झाले असते.

हो, रात्री चमकी नुसत्या पाण्याने निघत नाही. खोबरेल तेल लावा.