डाइमवर दहाचा आकडा नाही, टोलनाक्यावर माणूस नाही

अमेरिकेच्या रोजच्या वापरातल्या नाण्यांवर आकडा नाही. साल असतं, तेवढंच. पेनीवर 'वन सेंट', निकेलवर 'फाइव्ह सेंट्स', क्वार्टरवर 'क्वार्टर डॉलर' असं अक्षरांत, आणि तेही चष्मा नाकावर सरकवून शोधावं लागेल इतकं बारीक. डाइमवर तर नुसतं 'वन डाइम'. डाइम म्हणजे किती, हे ज्याला माहीत त्याला माहीत. बाकीच्यांनी मागे रांग लावून उभ्या असलेल्या लोकांचे उसासे ऐकत हातातली चिल्लर काउंटरवर पसरायची आणि गल्ल्यावरच्या पोरीला म्हणायचं, बाई, तूच घे काय ते.

माझी सगळी नोकरी सांगलीत बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. नाणं बोटाला लागलं की किमतीचं कळावं, ही सवय. लेकीकडे न्यू जर्सीला आल्यावर ती सवय पहिल्याच दिवशी निकामी झाली. दहा सेंटचं डाइम पाच सेंटच्या निकेलपेक्षा लहान, आणि एक सेंटच्या पेनीपेक्षाही लहान! त्यात किमतीवर विक्रीकर नंतर लागतो. फळीवर लिहिलेले पैसे मुठीत घेऊन गल्ल्यावर जावं, तर बिल भलतंच. दोन-चार वेळा नोट पुढे केली की खिसा चिल्लरीने लोंबायला लागतो.

पण कॅशियरची जात. घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा घेतला आणि बसलो. टांकसाळीचं ठरलेलं वजन असं: डाइम २.२६८ ग्रॅम, पंचवीस सेंटचं क्वार्टर ५.६७ ग्रॅम. म्हणजे बरोब्बर अडीच पट, आणि किंमतही अडीच पट. दहा डाइम घ्या, चार क्वार्टर घ्या, किंवा दोन्हींची भेळ करून डॉलरभर घ्या, वजन २२.६८ ग्रॅमच भरतं. नाणी न मोजता नुसती तोलून हिशेब लावता येईल अशी ही योजना! याचं कारण असं की १९६५ च्या कायद्याने बदल होईपर्यंत ही दोन्ही नाणी चांदीची होती. जेवढी किंमत, तेवढी चांदी. नंतर चांदी गेली, तांबं आणि निकेल आलं, वजन थोडं उतरलं, पण प्रमाण तसंच ठेवलं.

पाच सेंटचं निकेल नाणं या घराण्यातलं नाहीच. पूर्वी पाच सेंटचंही चांदीचं नाणं होतं, डाइमच्या निम्म्या वजनाचं, शर्टाच्या बटणाएवढं. १८६६ साली तांबं-निकेलचं पाच सेंटचं नाणं आलं. त्याला चांदीचं बंधन नव्हतं, म्हणून हाताला लागेल एवढं मोठं केलं. आज ते नेमकं पाच ग्रॅमचं आहे. मोठं नाणं स्वस्त आणि छोटं महाग हा जो वेडेपणा वाटतो, त्याचं मूळ एवढंच.

इथे येणाऱ्या आई-बापांना माझी एक युक्ती. आकार बघू नका, कडेवरून नख फिरवा. डाइम आणि क्वार्टरच्या कडेला दाते आहेत, पेनी आणि निकेलची कड गुळगुळीत. जुन्या काळी लोक चांदीच्या नाण्याची कड हळूच खरवडून चांदी काढून घ्यायचे, ते ओळखू यावं म्हणून दाते. दाते असतील तर दोनच शक्यता, लहान ते दहा, मोठं ते पंचवीस. गुळगुळीत आणि तांबूस ती पेनी, गुळगुळीत आणि पांढरं ते निकेल. चित्र बघायला जाल तर फसाल, कारण १९९९ ते २००८ मध्ये क्वार्टरच्या मागच्या बाजूला पन्नास राज्यांची पन्नास चित्रं आली, २०२२ ते २०२५ मध्ये नामवंत अमेरिकन स्त्रियांची. माझ्या बायकोला वाटलं, कुणीतरी आपल्याला खोटी नाणी देतंय.

पेनीची काळजी मात्र आता फार करू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली. एक सेंटचं नाणं पाडायला साडेतीन सेंटच्या वर खर्च येत होता. सरकारने हा व्यवहार इतकी वर्षं कसा चालू ठेवला, हे आमच्या एखाद्या ऑडिटरला विचारायला पाहिजे. आधीच्या पेन्या चलनात आहेत, चालतात.

आता टोल. खरं तर मला लिहायचं होतं ते हेच, नाण्यांत वाहवत गेलो.

लेक इथे आली तेव्हा न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवे या हायवेवर पस्तीस सेंटचा टोल होता. एक क्वार्टर आणि एक डाइम. गाडीत कप ठेवायच्या खाचेत चिल्लर भरलेली असायची. नाक्यावर प्लास्टिकचं मोठं नरसाळं, चालत्या गाडीतून नाणी त्यात भिरकावायची, दिवा हिरवा झाला की पुढे. शेजारच्या रांगेत सुट्टे देणारा माणूस. परक्याला हे सगळं न सांगता कळायचं. हात पुढे आला की पैसे द्यायचे, यात समजावून सांगण्यासारखं काही नसतं.

आता तो हातच चाललाय. गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख घेत नाहीत, मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकवर (टर्नपाइक म्हणजे टोलचा हायवे) २०१६ पासून, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक आणि न्यू यॉर्क थ्रूवेवर २०२० पासून. वर कमान, कमानीवर कॅमेरे. काचेला ईझी-पासची डबी असेल तर खात्यातून पैसे जातात, नसेल तर नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि गाडीमालकाच्या पत्त्यावर बिल येतं.

जावईबापू या बाबतीत माझ्याशी वाद घालतात. नाक्यावर रांगा लागायच्या, लेन बदलताना अपघात व्हायचे, इंजिनं चालू ठेवून धूर व्हायचा. सगळं मान्य. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर फास्टॅग येण्याआधीच्या रांगेत मीही घाम पुसलाय. यंत्राशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही व्यवस्था ज्याचं इथे खातं आहे, पत्ता आहे, नावावर गाडी आहे, त्याच्यासाठीच बांधली. परका माणूस कुणाच्या डोक्यातच नव्हता. आणि डोक्यात नसण्याचे पैसे परक्याच्याच खिशातून जातात.

न्यू जर्सीहून वॉशिंग्टनला भाड्याच्या गाडीने गेलो तेव्हा हे नीट कळलं. न्यू जर्सी टर्नपाइकवर चढताना तिकीट घ्यायचं, उतरताना रोख दिली तरी चालते. न्यू जर्सीतून बाहेर नेणाऱ्या डेलावेअर मेमोरियल पुलावर रोख चालते. (हा टोल दक्षिणेकडे जातानाच लागतो. न्यू यॉर्ककडे हडसन ओलांडा, नाहीतर पेनसिल्व्हेनियाकडे डेलावेअर नदी, तिथेही तेच. न्यू जर्सीत यायला फुकट, बाहेर पडायला पैसे, अशी इथली थट्टा आहे.) पुढे मेरीलँड लागलं की रोख संपली. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅक्हेन्री बोगद्याशी नोट हातात धरून थांबायची सोयच नाही, कारण थांबायला नाकाच नाही. एकच प्रवास, तोही काही तासांचा, आणि नियम राज्यागणिक वेगळे. दरसुद्धा वेगळे. मेरीलँडच्या खात्याला सगळ्यांत स्वस्त, बाहेरच्या राज्याच्या ईझी-पासला त्याहून जास्त, आणि घरी बिल पाठवावं लागलं तर सगळ्यांत महाग.

भाड्याच्या गाडीच्या काचेवर एक डबी होती. तिचं झाकण सरकवलं की टोल आपोआप. काउंटरवरच्या मुलाने हसत सांगितलं, काही बघू नका. बघण्यासारखं होतं ते करारपत्राच्या आतल्या पानावर. एकदा ती डबी वापरली की टोल वेगळा आणि रोजचं सेवाशुल्क वेगळं, आणि तेही गाडी भाड्याने असेल तेवढ्या सगळ्या दिवसांचं. म्हणजे आम्ही संग्रहालयं बघत होतो, गाडी हॉटेलच्या तळघरात उभी होती, आणि डबीचं मीटर चालू! बिल आलं परत आल्यावर काही आठवड्यांनी, थेट लेकीच्या कार्डावर. टोलपेक्षा शुल्क जास्त. बँकेत असताना आम्ही ग्राहकाला न सांगता असं शुल्क कापलं असतं तर त्याने मॅनेजरची कॉलर धरली असती. इथे कॉलर कुणाची धरणार? फोनवर अर्धा तास सनई-चौघड्यासारखं संगीत ऐकलं आणि फोन ठेवला.

उपाय आहे, पण तो सांगायला घरचं माणूस लागतं. लेकीच्या खात्यावरची ईझी-पासची डबी भाड्याच्या गाडीत ठेवायची, तिच्या खात्यात त्या गाडीचा नंबर तेवढ्या दिवसांपुरता घालायचा, गाडी परत केली की लगेच काढायचा. काढायचं विसरलात तर पुढच्या भाडेकरूचा टोल तुमच्या माथी. कंपनीची डबी मात्र बंदच ठेवायची. आणि ईझी-पास कॅलिफोर्नियात चालत नाही, तिथे फास्टट्रॅक.

परक्याचा विचार करता येतच नाही असंही नाही. ओरलँडोच्या विमानतळावर 'व्हिजिटर टोल पास' मिळतो. भाड्याच्या गाडीच्या आरशाला अडकवायचं एक कार्ड. आपल्या क्रेडिट कार्डाला जोडायचं, जेवढा टोल तेवढेच पैसे, परत जाताना पेटीत टाकायचं. रोजचं शुल्क नाही. डिस्नी बघायला जगभरातून माणसं येतात, त्यांची सोय करणं फायद्याचं आहे, हे तिथे कुणाला तरी सुचलं. मग वॉशिंग्टन आणि न्यू यॉर्कला काय गावची जत्रा भरते?

हा नुसता पाहुण्यांचा प्रश्न नाही. इथल्या ठेव विमा महामंडळाच्या, म्हणजे एफडीआयसीच्या २०२३ च्या पाहणीत ४.२ टक्के घरांत कुणाचंच बँक खातं नव्हतं. ती माणसंही गाड्या चालवतातच की. त्यांना दुकानात जाऊन रोख भरून खातं चालू ठेवायची सोय काही ठिकाणी आहे, पण कमानीखालून जाताना तीही आमच्यासारखीच परकी.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. फास्टॅग नसेल तर सरसकट दुप्पट टोल हा २०२१ साली आपलाच शोध होता. फरक एवढाच, की आपल्याकडे बऱ्याच नाक्यांवर अजून माणूस आहे आणि त्याच्याशी हुज्जत घालता येते.

जाता जाता, टोल थकलाय, या लिंकवर भरा, असा मेसेज आला तर लिंकला हात लावू नका. एफबीआयने एप्रिल २०२४ मध्येच या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. मला तर अशा राज्याच्या नावाने मेसेज आला, जिथे मी पाऊलही टाकलेलं नाही. शंका असेल तर त्या टोलच्या अधिकृत साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून बघा.

टेक्सासवाल्यांनी जरा खाली लिहा, तिकडे भाड्याच्या गाडीचं तुम्ही काय करता? आमचे व्याही पुढच्या महिन्यात ह्यूस्टनला निघालेत, आणि त्यांना करारपत्राची आतली पानं वाचायची सवय नाही.