लोखंडी तवा पुरतो: घरच्या स्टेकबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला. आधी मामेबहिणीकडून, मग रामबागेतल्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर, मग कॉलनीच्या ग्रुपवर, आणि शेवटी आत्याकडून, "हे खरं आहे का गं?" असं विचारत. ‘क्रीमी गार्लिक स्टेक घरी का करू नये’ असा त्याचा मथळा. मजकूर थोडक्यात असा: मोठ्या आचेवर भाजून मांसाचा रस आत कोंडावा लागतो आणि ते हॉटेलची शेगडी आणि महागडा पॅन यांच्याशिवाय जमत नाही, काप एकदाच उलटायचा, आतून गुलाबी दिसलं तर ते रक्त आहे, बकऱ्याच्या मटणाचा स्टेक होतच नाही, वातड होतो, करायचाच असेल तर रात्रभर कच्च्या पपईत ठेवा, लसूण कडकडीत तेलात तपकिरी करा, आणि आपल्याकडची साय फाटतेच, म्हणून सॉसमध्ये मैदा आणि चीज घाला.

आत्या सत्तरीची आहे. इंदूरला लग्न होऊन आल्यापासून तिच्या घरी रविवारचं मटण चुकलेलं नाही. तिला हा संदेश वाचून आपल्या स्वयंपाकघरात काहीतरी कमी आहे असं वाटलं, याचं मला वाईट वाटलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप, तापल्या लोखंडावर किंवा निखाऱ्यावर थोड्या वेळात भाजलेला. युरोप-अमेरिकेत तो बहुतेक गाई-बैलाच्या मांसाचा असतो. मध्य प्रदेशात गोवंशहत्येला बंदी आहे, २००४ चा कायदा आहे, आणि आमच्या घरातही तो विषय नाही. आम्ही करतो तो बोकडाच्या रानेचा, म्हणजे मागच्या मांडीचा. पुढचं सगळं त्याच मटणाबद्दल आहे.

रस कोंडण्याची कल्पना फार जुनी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ साली ती मांडली आणि पटण्यासारखी असल्यामुळे ती पाकशास्त्रात घर करून बसली. पण ती चूक आहे, आणि हे ओळखायला नुसते कान पुरतात. तापल्या तव्यावर काप टाकला की चर्र होतं. तो आवाज मांसातून बाहेर येऊन वाफ होणाऱ्या पाण्याचा. खालची बाजू छान खरपूस झाली, तरी आवाज चालूच राहतो. कवच बसून रस कोंडला असता तर तवा गप्प झाला असता. काप ताटात काढून ठेवला की पाच मिनिटांत खाली पाणी साठतं, तेही त्याच ‘बंद’ झालेल्या पृष्ठभागातून आलेलं. आम्ही घरच्या काट्यावर भाजण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिलं. खरपूस केलेल्या कापाचंही वजन घटलंच. रस किती राहणार हे मांस आतून किती तापलं त्यावर ठरतं, वरच्या कवचावर नाही.

मग मोठी आच कशाला? चवीसाठी. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ज्या रासायनिक क्रियेचं वर्णन केलं, तीच इथे घडते: प्रथिनं आणि शर्करा तापून त्यांचा तो तपकिरी रंग आणि भाजका वास तयार होतो. ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्यानं होते. पाणी मात्र १०० अंशांना उकळतं. म्हणजे काप ओला असेल तर आच कितीही मोठी करा, पाणी उडून जाईपर्यंत तो नुसता उकडत राहतो आणि करडा पडतो. ज्यांना ‘घरच्या गॅसवर होत नाही’ असा अनुभव आला, त्यातल्या बहुतेकांचा काप ओला होता असं मला वाटतं. मटण धुण्याची आपली सवय मोडणार नाही हे मला माहीत आहे. धुवा, पण मग स्वच्छ सुती फडक्यात दाबून दाबून कोरडं करा, आणि मीठ लावून तासभर तरी फ्रिजमध्ये उघडं ठेवा. मीठ लावल्यावर आधी पाणी सुटतं, मग त्यातलं बरंचसं मिठासकट परत आत मुरतं. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी भाजायला घेणं सगळ्यात वाईट. तेव्हा पाणी सुटलेलं असतं आणि मुरलेलं नसतं.

पॅनचं म्हणाल तर आत्याकडे भाकरीचा जाड लोखंडी तवा आहे, राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून तिच्या सासूबाईंनी आणलेला. जाड लोखंड उष्णता धरून ठेवतं, गार काप पडला तरी तवा लगेच थंडावत नाही. यासाठी याहून चांगलं भांडं विकत आणायची गरज नाही. नॉनस्टिक मात्र नको. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो, आणि रिकामं भांडं मोठ्या आचेवर तिथवर लवकर पोचतं. एकदाच उलटायचं हा नियमही निराधार आहे. दर मिनिटाला उलटलं तर काप दोन्हीकडून सारखा आणि उलट लवकर शिजतो. पोळी भाजताना आपण वेगळं काय करतो?

रक्ताचा मुद्दा मला नीट बोलायचा आहे, कारण तिथे लोकांना खरी किळस येते. जनावर कापतानाच रक्त बहुतेक निथळून जातं. कापातून जो लालसर रस येतो त्यात स्नायूंतलं मायोग्लोबिन असतं, प्राणवायू साठवणारं प्रथिन. याच प्रथिनाची रचना उलगडल्याबद्दल जॉन केंड्रू यांना १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, मॅक्स पेरुट्झ यांच्याबरोबर विभागून. तापल्यावर त्याचा रंग लालाचा गुलाबी, गुलाबीचा करडा होतो. तेव्हा गुलाबी म्हणजे रक्त, हे खोटं.

पण गुलाबी म्हणजे निर्धास्त, असंही मी म्हणणार नाही. रंगावरून खात्री होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा निकष असा आहे की मांसाचा अखंड काप आतून ६३ अंशांपर्यंत जावा आणि नंतर तीन मिनिटं तसाच राहावा. खिम्यासाठी ७१ अंश, कारण पृष्ठभागावरचे जंतू खिम्यात आतवर मिसळलेले असतात. टोचायचा साधा थर्मामीटर घ्या, अंदाजाचं काम उरत नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर त्यांचा काप पूर्ण शिजवा. आत्याचा काप मी नेहमी पातळ घेते आणि मुळीच गुलाबी ठेवत नाही.

आता बकऱ्याच्या मटणाचं. या दाव्यात थोडं खरं आहे, म्हणून तो जास्त फसवा आहे. मानेचं, दस्ताचं (पुढच्या पायाचं), नळीचं मटण तव्यावर दहा मिनिटांत भाजलं तर ते चावता येणार नाही, हे बरोबर. ते स्नायू दिवसभर राबतात, त्यांत कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं, आणि ते मऊ व्हायला ओलसर आचेवर दीड-दोन तास जावे लागतात. म्हणून तर रस्सा. पण सगळं बोकड म्हणजे मान आणि नळी नाही. पाठीची चांप आणि रानेचा वरचा मांसल भाग यांत कोलॅजन कमी असतं. कोवळ्या बोकडाचा तो भाग उत्तम भाजतो.

वातडपणाची दुसरी दोन कारणं संदेशात नाहीतच, आणि माझ्या अनुभवात तीच मोठी आहेत. पहिलं, ताजेपणा. आपल्याकडे सकाळी कापलेलं मटण दुपारी शिजतं आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो. रश्श्याला ते चालतं. पण कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुन्हा सैल पडायला साधारण एक दिवस लागतो. आखडलेला काप तव्यावर टाकला तर तो कडकच होणार. म्हणून स्टेकचं मटण आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसरं, कापण्याची दिशा. रानेचा तुकडा उजेडात धरून पाहिलात तर मांसाचे धागे एका दिशेनं गेलेले दिसतात. त्यांना आडवा काप घेतला तर धागे आखूड होतात आणि दाताला सोपे जातात. उभा घेतला तर लांब दोऱ्या चावत बसावं लागतं. आमचा मटणवाला रानेचा पहिला काप सवयीनं उभाच घेत होता. मी म्हटलं, "भैया, हड्डी निकाल के आडा काटो, अंगूठे जितना मोटा." त्यानं सुरी फिरवली, काप फळीवर ठेवला आणि बोटानं धाग्यांची टोकं दाखवत म्हणाला, "अब समझा, सेकना है." हाड काढून घ्यायचं कारण असं, की सत्तूरानं हाडासकट काप केला तर किरचा मांसात राहतात.

बोकडात मांसाच्या आत चरबी कमी असते, म्हणून जास्त भाजलं की ते गायी-बैलाच्या मांसाहून लवकर सुकतं. तूप सढळ वापरा आणि वेळेवर उतरवा. पपईबद्दल दोनच शब्द: तिच्यातलं मांस मऊ करणारं पपेन पृष्ठभागापासून फार आत जात नाही, त्यामुळे रात्रभरानं वरचा थर पिठूळ होतो आणि आतला होता तसाच राहतो. ती कबाबाच्या खिम्याला द्यावी.

लसणाचा मुद्दा वाचून तर मला रागच आला. माळव्यात राहून लसूण जाळायचा? मंदसौर, नीमच, रतलाम हा देशातल्या सगळ्यात मोठ्या लसूण-पट्ट्यांपैकी एक. रतलाम जिल्ह्यातल्या रियावनच्या लसणाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी लसूण मसाला की भाजी या वादात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं तो भाजी ठरवला, कारण तो नाशवंत आहे. मंडईत ज्याच्यावर इतका जीव आहे, तो स्वयंपाकघरात कडू करून टाकू नये.

बारीक चिरलेल्या लसणात साखरेसारखे घटक भरपूर असतात. कडकडीत तेलात तो काही सेकंदांत सोनेरी आणि पुढच्या काही सेकंदांत काळा होतो, आणि तो कडूपणा क्रीममध्ये लपत नाही. कच्चा वास घालवायचे याहून चांगले दोन मार्ग आहेत. पाकळी ठेचली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि ॲलिसिन तयार होतं, झणझणीतपणा त्याचा. अख्खी पाकळी सालासकट शिजवली तर ते विकर आधीच मरतं आणि लसूण गोडसर, लोण्यासारखा होतो. म्हणून मी सात-आठ पाकळ्या सालासकट मंद तव्यावर मऊ होईपर्यंत भाजून कुस्करते, आणि दोनच पाकळ्या ठेचून शेवटी तुपात हलकेच परतते. गोडवा आणि झणका, दोन्ही मिळतात.

राहिली साय. ‘फाटतेच’ हा शब्द चूक आहे, आणि फाटणं म्हणजे काय हेही संदेशात कळलेलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी होतात. एक, आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं. दाणे दिसतात, पाणी वेगळं पडतं. हे परत जुळत नाही. दुसरी, सॉस जास्त आटला की स्निग्धांश सुटून वर तरंगतो. हे जुळतं.

मागे मी आत्याकडे सॉस केला तेव्हा फोन आला म्हणून तवा आचेवर राहिला. परत आले तर कडेनं पिवळा तवंग. मी ओतून द्यायला निघाले, तर आत्या वाकून बघत म्हणाली, "फाटलं नाही हे. तूप सुटलंय." तिनं मटणाच्या अळणी पाण्याचे दोन चमचे गरम गरम त्यात घातले आणि पळीनं गोल फिरवत राहिली. अर्ध्या मिनिटात सॉस पुन्हा एकजीव झाला, तकाकीसकट. साय कढवून तूप काढण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे नजरेनं कळतं.

साय फाटते ती बहुधा लोण्यासाठी आठवडाभर साठवलेली, आंबटसर झालेली म्हणून. म्हशीच्या दुधाची एक-दोन दिवसांची गोड साय घ्या, मऊ फेटा, पण मिक्सरमध्ये नको, लोणी येईल. खोक्यात मिळणारी २५ टक्के स्निग्धांशाची क्रीमही चालते, मात्र ती उकळू द्यायची नाही. काप काढल्यावर तव्याला जो तपकिरी थर राहतो, त्यावर वाटीभर अळणी पाणी घालून उलथन्यानं खरवडा, निम्मं आटवा, आच बारीक करा, कुस्करलेला लसूण आणि साय घाला, मिरपूड भरडून टाका. लिंबू पिळायचं असेल तर ताटात. मैद्यानं सॉस फाटण्यापासून वाचतो हे खरं आहे, पण त्या खरवडीची चव पिठाखाली जाते, आणि चीज घातलं की लसूणही जातो. मैद्याचा पांढरा सॉस हा स्वतंत्र पदार्थ आहे, तो मला आवडतो, इथे नको.

आत्याला मी उत्तर कळवलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, रविवारी करायचं तर मटण कधी आणू. शनिवारी सकाळी, म्हटलं, आणि मीठ रात्री लाव.