परातीतला सूर्य

आमच्या सोसायटीत मीटिंगला जो येत नाही त्याच्या गळ्यात काम पडतं, आणि जो येतो त्याच्या गळ्यात त्याहून मोठं पडतं. मी गेलो होतो. 2023 साली 23 ऑगस्टला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं, तेव्हापासून तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन. त्यानिमित्त 2025 मध्ये आम्ही ‘कुटुंब विज्ञान रात्र’ करायचं ठरवलं. भाषण, पोस्टरं, दुर्बीण अशी वजनदार कामं भराभर उचलली गेली. उरला खाऊ. “खाऊचं काय, होऊन जाईल!” असं कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी मीच होतो, हे घरी आल्यावर हिने सांगितलं.

“खाऊ अंतराळातला वाटला पाहिजे,” सेक्रेटरीकाकांनी बजावलं. “नाहीतर आपला चिवडा आहेच.”

चिवडा मी शास्त्रीय कारणावरून बाद केला. यानात वजन जाणवत नाही. तिथे अन्नाचा कण सुटला की तो खाली पडत नाही, तरंगत राहतो आणि कुणाच्या डोळ्यात नाहीतर यंत्रात जाऊन बसतो. म्हणून अंतराळवीर पावाऐवजी टॉर्टिया, म्हणजे आपल्या पोळीची मेक्सिकन मावसबहीण, खातात. मीठ-मिरीसुद्धा पातळ करून घेतात. या हिशेबानं पातळ पोह्यांचा चिवडा म्हणजे अंतराळातलं महाभयंकर अस्त्र. हे मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. त्यावर चार अंगठे आले आणि एक प्रश्न: “मग शेव चालेल का?”

मग वाटलं, आपले अंतराळवीर जे खातात तेच ठेवावं. 1984 मध्ये राकेश शर्मांसाठी म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेनं खास भारतीय पदार्थ करून दिले होते. शुभांशु शुक्ला तर नुकतेच गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन अंतराळ स्थानकावर जाऊन आले होते. पण ऑगस्टात ती लाल गाजरं आणायची कुठून? आणि ऐंशी माणसांच्या मूगहलव्याला तूप किती लागेल ते ऐकल्यावर खजिनदार म्हणाले, “त्यापेक्षा यानाला इंधन कमी लागत असेल.”

तेवढ्यात हिने कालनिर्णय पुढे केलं. श्रावण, शनिवार आणि वर अमावास्या. म्हणजे कांदा-लसूण नाही, अंड्याचा केक नाही, आणि शनिवारचे उपास अकरा. दुर्बीणवाले तेवढे खूश होते, अमावास्येला अंधार दाट म्हणून. पुण्यात ऑगस्टात आकाश कुठे दिसतं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. खाऊवाल्याला मात्र सगळे सगळं विचारतात.

शेवटी मी सोपा मार्ग काढला. लाडू म्हणजे गुरू, गुलाबजाम म्हणजे पृथ्वी, पेढा म्हणजे नेपच्यून. चिरंजीव सहावीत आहेत. त्यांनी पट्टी आणली.

“बाबा, हे चुकलंय. गुरूचा व्यास पृथ्वीच्या अकरा पट आहे. लाडू सात सेंटिमीटरचा, तर पृथ्वी साडेसहा मिलिमीटरची.”

“म्हणजे केवढी?”

त्यानं भिजवलेला एक साबुदाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

त्या साबुदाण्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो. त्यावर आपली सोसायटी, सेक्रेटरीकाका, पार्किंगची भांडणं. मग पुढचं सगळं त्या एका दाण्यावर बेतलं गेलं. चंद्र म्हणजे वीतभर अंतरावर मोहरी. सूर्य सत्तर सेंटिमीटरचा, म्हणजे केटररची परात. आणि सूर्यात तेरा लाख पृथ्व्या मावतात, तेव्हा परातीत काय भरायचं हे ठरलेलंच होतं: साबुदाण्याची खिचडी. उपासवाले खूश, विज्ञानवाले खूश. (“सूर्य सपाट नसतो,” एवढं चिरंजीव पुटपुटले. मी ऐकू न आल्यासारखं केलं.) एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी, त्याच्यासाठी बिनदाण्याची वाटीभर वेगळी काढली. तीही मापात बसली, कारण सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सूर्याच्या परातीपुढे वाटीएवढाच आहे. या मापानं ती वाटी वीस हजार किलोमीटर लांब ठेवायला हवी होती. आम्ही टेबलाच्या दुसऱ्या टोकावर भागवलं.

शनीनं मात्र घाम काढला. बेसनाचा लाडू झाला, कडं कशाचं करायचं? उपासाचा साबुदाणा-पापड घेतला. कच्च्या पापडाला वाटीनं भोक पाडायला गेलो, तीन पापड तडकले. चौथ्याला पाणी लावून मऊ केलं, जमलं. तेलात सोडल्याबरोबर तो असा फुलला की भोक गायब. त्यात कुणीतरी सांगितलं की शनी पाण्यापेक्षा हलका, तरंगेल एवढा. चिरंजीवांनी लगेच एक लाडू बादलीत सोडला. लाडू तळाशी गेला, पाणी पिवळं झालं, आणि ही स्वयंपाकघरातून एकच शब्द बोलली: “साजूक!”

अखेर पापडावर नुसताच लाडू ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तो हातातसुद्धा घेतला नाही. “शनिवारी, अमावास्येला, शनी तोंडात घालू? साडेसाती काय कमी पडली? त्याला तेल वाहा आधी.”

“तेलातच तळलाय, आजी.”

आता अंतरं. पृथ्वी परातीपासून पंचाहत्तर मीटरवर, म्हणजे वॉचमनच्या टेबलावर बशीत. गुरू तीनशे नव्वद मीटरवर, रिक्षा स्टँडला. तिथल्या रिक्षावाल्यानं लाडू कपाळाला लावून विचारलं, “प्रसाद कशाचा?” मी म्हटलं, “गुरूचा.” “आज तर शनिवार आहे साहेब,” म्हणत त्यानं तो संपवला. परत येईतो पृथ्वी मुंग्यांनी नेली होती. वॉचमनमामांचं म्हणणं, “एकच दाणा होता, मी कुठं लक्ष ठेवणार?”

राहिला नेपच्यून. सव्वादोन किलोमीटर. तो कर्वे पुतळ्यापाशी पडत होता, आणि चिरंजीवांना तिथला फोटो पडद्यावर दाखवायचा होता. मी पेढा द्रोणात घालून, द्रोण डब्यात, डबा डिकीत ठेवून भर पावसात स्कूटर काढली. निघताना खिचडीची रांग जिन्यापर्यंत पोचलेली. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

पुतळ्यापाशी एका बंद दुकानाच्या शेडखाली उभा राहिलो. डबा उघडला. पेढा कोरडा होता, वरती पिस्त्याचा तुकडा, केशराची एक काडी. वेलदोड्याचा वास आला.

फोन वाजला. “बाबा, फोटो पाठव ना, सगळे थांबलेत.”

मी द्रोणाचा फोटो पाठवला.

“यात नेपच्यून दिसत नाहीये.”

“नुसत्या डोळ्यांनी तो कधीच दिसत नाही,” मी लिहिलं. हे खरंच आहे, त्याला दुर्बीण लागते.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हिचा मेसेज आला: “खिचडी संपली. येताना दोन किलो चिवडा आणा.”